धरण फुटल्याची बातमी

पानशेतची आठवण सांगणारी माणसं पाण्यापासून सुरुवात करत नाहीत. ‘आम्हाला कळलं कसं’ इथून करतात. कुणाला रस्त्यातून ओरडत गेलेल्या सायकलवाल्याकडून कळलं, कुणाची शाळा मधूनच सुटली, कुणी लकडी पुलावर पाणी बघायला गेलं होतं ते कठड्याशी पाणी आलेलं पाहून उलट्या पावली पळालं. कुणाला तर कुणी काही सांगितलंच नाही. न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं, तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवशी शाळेच्या दप्तरासकट घरी पळालेली मुलं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत, पण गोष्टीची सुरुवात तीच राहिली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात पाणी आणि बातमी यांची शर्यत लागली होती, आणि बऱ्याच घरांत पाणी आधी पोहोचलं.

पानशेतच्या पुराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. धरण का फुटलं, दोष कुणाचा, किती वाडे पडले. मला मात्र त्या दिवसातला हा एकच धागा धरून पुढे जायचंय. शहरावर पाणी येतंय हे शहराला कोण सांगतं, कुठून सांगतं, आणि ज्या घरातून सांगायचं त्याच घरात पाणी शिरलं तर काय होतं? हा धागा पुण्यातून निघतो आणि मध्येच पार टेक्सासपर्यंत जाऊन परत येतो.

पुण्याच्या नैऋत्येला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधायला १९५७ मध्ये सुरुवात झाली. १९६१ च्या पावसाळ्यापर्यंत काम पुरं झालेलं नव्हतं, तरी त्या वर्षी पाणी अडवायचं ठरलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारी जी मोरी होती, तिच्या बांधकामात लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. पोलादाची टंचाई होती, म्हणून साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर काम भागवलेलं. दरवाजे वरखाली करायची यंत्रणाही अर्धवट. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळायला लागला, तलाव भराभर चढला आणि अर्धवट उघड्या दरवाजाखालून जोराने सुटणाऱ्या पाण्याने ती मोरी हादरायला लागली. मोरी खचली तशी तिच्यावरची माती खचली, आणि त्या जागी धरणाचा माथा खाली बसू लागला.

दगडी धरणावरून पाणी गेलं तरी ते काही काळ तग धरतं. मातीच्या धरणाला ती सवलत नाही. माथ्यावरून एकदा का धार सुरू झाली की पाणी स्वतःच आपली वाट खोल कापत जातं. म्हणून ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी खचलेल्या माथ्यावर वाळूची पोती रचायला घेतली. अमावस्येच्या तोंडावरची रात्र, वरून मुसळधार पाऊस, पायाखाली सरकणारी ओली माती. पोतं ठेवावं तर तेही थोड्या वेळाने खाली बसावं. हे पहाटेपर्यंत चाललं. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही. पण फुटायचं ते मध्यरात्री फुटलं नाही, उजाडल्यावर फुटलं. पेठा तेव्हा जाग्या होत्या. हजारो माणसं पळू शकली ती या काही तासांमुळे, आणि पुण्याने त्या जवानांना जितकं आठवायला हवं तितकं आठवलेलं नाही असं मला नेहमी वाटतं.

पण हेच काही तास दुसऱ्या अंगाने पाहिले की जीव तुटतो. माथा खचतोय हे धरणावर संध्याकाळपासून दिसत होतं. ही माहिती रात्रीत पुण्याला पोहोचली असती आणि पेठांतून दवंडी फिरली असती तर? तसं झालं नाही. अधिकाऱ्यांचा सूर धीर देण्याचा होता, घबराट होऊ नये ही काळजी मोठी होती, आणि शनिवार, नारायण, कसबा या पेठा त्या रात्री रोजच्यासारख्या झोपल्या. बुधवारी सकाळी दूध आलं, पेपर आला, मुलं शाळेत गेली. तोवर, सातच्या सुमाराला, पानशेत गेलं होतं.

पानशेत आणि पुणे यांच्यामध्ये खडकवासला होतं. १८७९ साली पुरं झालेलं, चुन्यात बांधलेलं दगडी धरण. ते बांधणाऱ्या इंग्रज इंजिनियरच्या नावावरून जुने लोक त्या तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत. ऐंशी वर्षं त्याने पुण्याला पाणी पाजलं होतं. त्या सकाळी पानशेतचा सगळा साठा त्याच्या अंगावर आला. काही तास पाणी भिंतीवरून वाहत राहिलं आणि मग ती भिंतही फुटली. आता दोन धरणांचं पाणी एकदम मुठेच्या पात्रात होतं. धरणाच्या पायथ्यालाच पाणी आणि वीज संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, १९१६ साली सुरू झालेली. नद्यांच्या, धरणांच्या, बंदरांच्या प्रतिकृती करून देशभरच्या पाण्याचा अभ्यास करणारी. पाण्याचं इतकं ज्ञान जिथे गोळा झालं होतं, तिथूनच शहर वीसेक किलोमीटरवर होतं.

पुण्यात लकडी पूल बुडाला, नवा पूल बुडाला, ओंकारेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं. डेक्कन जिमखान्याचा सखल भाग, पुलाची वाडी, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, सगळीकडे पाणी. नदीकाठची घरं गेली हे समजण्यासारखं होतं. पण नदीपासून चांगल्या अंतरावर, जिथे कधी पाणी येईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्या गल्ल्यांतही पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. संध्याकाळी ते उतरायला लागलं, आणि खरी पडझड तेव्हा सुरू झाली. पेठांतले वाडे म्हणजे खाली दगडी जोतं, लाकडाचा सांगाडा आणि वर मातीत रचलेल्या विटा. पाणी होतं तोवर भिंती आतून-बाहेरून सारख्याच दाबाखाली उभ्या होत्या. पाणी ओसरलं तशी भिजून लोणी झालेली माती निखळली आणि भिंती बसल्या. काही वाडे त्या संध्याकाळी गेले, काही दुसऱ्या दिवशी, तर काही ऊन पडल्यावर.

आता त्या दिवसाच्या बातमीकडे येतो.

पुण्याला तेव्हा आकाशवाणी केंद्र मिळून आठ वर्षंही झाली नव्हती. २ ऑक्टोबर १९५३ ला ते सुरू झालं, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला, माडगूळकर-फडक्यांचं ‘गीतरामायण’ त्याच केंद्रावरून घराघरांत पोहोचलं. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती. या शहराचा ज्या यंत्रावर सगळ्यात जास्त विश्वास होता, ते हे यंत्र. पण घरातला रेडिओ व्हॉल्व्हचा, विजेवर चालणारा. चालू केल्यावर तापायलाही त्याला वेळ लागायचा. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर तेव्हा फार थोड्यांकडे होता. वीज गेली की दिवाणखान्यातला तो भारदस्त खोका नुसतं लाकूड होऊन बसायचा, आणि पूर आल्यावर सगळ्यात आधी गेली ती वीज. टेलिफोन तर मोजक्या घरांत. वर्तमानपत्रं रात्रीच छापून झालेली. सकाळी सातला फुटलेलं धरण लोकांनी छापलेलं वाचेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असणार. उरली माणसांची तोंडं. म्हणूनच पुण्यातली प्रत्येक पूरकथा एखाद्या धावत्या माणसापासून सुरू होते.

टेलिव्हिजनचा प्रश्नच नव्हता. भारतात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून, तीही प्रयोगाच्या पातळीवर, थोड्याशा संचांपुरती. पुण्यात आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. १९३३ मध्ये कोल्हापूरहून आलेल्या ‘प्रभात’चा तो स्टुडिओ नदीपासून दूर, टेकडीच्या कुशीत. चित्रं हलवण्याची सगळी विद्या शहरात होती. पण डोंगरात फुटत असलेलं धरण शहराला त्याच क्षणी दाखवू शकेल असं काही नव्हतं.

ही अपेक्षाच अवाजवी आहे असं कुणी म्हणेल. त्या काळात जगात कुठे तसं होतं? होतं, आणि तेही त्याच वर्षी.

पानशेत फुटल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, इकडे गणपती तोंडावर आलेले असताना, मेक्सिकोच्या आखातात ‘कार्ला’ नावाचं चक्रीवादळ टेक्सासच्या दिशेने निघालं होतं. ह्यूस्टनच्या केएचओयू या स्थानिक वाहिनीच्या बातमी विभागाचा प्रमुख तेव्हा डॅन रादर नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण होता. त्याने आपली माणसं घेऊन समुद्रकाठचं गॅल्व्हस्टन शहर गाठलं. तिथल्या हवामान कार्यालयात नवं रडार बसवलेलं होतं. हवामानखात्याचे लोक सोडले तर ते वादळ कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते दिसायचं फक्त त्या रडारच्या गोल पडद्यावर. रादरने कॅमेरा त्या पडद्यासमोर लावला आणि ते चित्र थेट प्रक्षेपित केलं. त्यावर टेक्सासच्या किनाऱ्याचा पारदर्शक कागदावरचा नकाशा धरला, म्हणजे वादळाचा आकार प्रेक्षकांना आपापल्या गावाशेजारी ठेवून पाहता यावा. टेलिव्हिजनवर रडारचं चित्र असं थेट दाखवण्याची ही पहिली वेळ मानली जाते. वाऱ्याचा वेग, मिलिबार, अक्षांश-रेखांश यांनी जे झालं नसतं ते त्या नकाशाच्या कागदाने केलं. लाखो माणसांनी किनारा सोडला. ११ सप्टेंबरला कार्ला जमिनीवर आलं ते टेक्सासच्या इतिहासातल्या सगळ्यात भयंकर वादळांपैकी एक होतं, पण तिथे माणसं गेली ती पन्नासाच्या आत. याच गॅल्व्हस्टनमध्ये १९०० सालच्या वादळात किमान सहा हजार माणसं मेली होती.

वादळ आणि धरणफुटी यांची सरळ तुलना होत नाही, हे मला कळतं. वादळ दिवसेंदिवस समुद्रावर रेंगाळतं, त्याची वाट बघता येते. पण पानशेतनेही एक अख्खी रात्र दिली होती. टेक्सासमध्ये यंत्रांहून मोठी गोष्ट होती ती निर्णयाची. घबराट होईल म्हणून लपवायचं, की लोक समजून घेतील म्हणून दाखवायचं? रादरने दाखवलं, आणि लोक शहाणपणाने वागले. पेठांतले लोकही वागले असते. ज्या लोकांनी त्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन माळ्यावर चढवलं, दोर टाकून अनोळखी माणसं वर ओढली, त्यांना आदल्या रात्री खरं सांगायला काय हरकत होती?

पुरानंतरचे दिवस चिखलाचे. घरांतून पाट्यांनी गाळ उपसायचा, फडताळातलं, ट्रंकांतलं जे काही सापडेल ते रस्त्यावर वाळत घालायचं. पत्रिका, दस्तऐवज, लग्नाचे शालू, वह्या, पोथ्या. सगळीकडे पूर येऊन गेलेला आणि प्यायला पाणी नाही, कारण शहराचा तलावच वाहून गेलेला. बुजायला आलेल्या वाड्यांमधल्या विहिरी आणि पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाचे हौद पुन्हा कामाला आले. शाळांमधून पूरग्रस्तांचे संसार लागले. चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग झाले. मृतांच्या आकड्यावर सरकारचं आणि पुणेकरांचं कधी एकमत झालं नाही.

मग सुरू झालं शहराचं सरकणं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाच्या कामावर स. गो. बर्वे यांना नेमलं. बर्वे पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त होते, जंगली महाराज रस्ता ही त्यांची देणगी. गल्लीन् गल्ली माहीत असलेला अधिकारी मिळणं हे त्या वेळी पुण्याचं भाग्यच. (पुढच्याच वर्षी ते नोकरी सोडून शिवाजीनगरमधून निवडून आले आणि मंत्री झाले.) नदीकाठच्या लोकांना वर, कोरड्या जमिनीवर न्यायचं ठरलं. गोखलेनगरच्या बाजूला अर्ध्या पिंपासारख्या दिसणाऱ्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या, पावसात ताशासारख्या वाजणाऱ्या. लोकमान्यनगरच्या इमारती झाल्या. पर्वतीच्या पलीकडे पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांना जागा मिळाल्या आणि त्या संस्थांमुळेच त्या भागाला सहकारनगर हे नाव पडलं.

आज या नावांकडे आपण पत्ता म्हणून पाहतो. १९६१ मध्ये ती शिक्षा वाटली असणार. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या चार पावलांवर मंडई, देऊळ, शाळा आणि सोयरे होते, त्यांना उघड्या माळावर जाऊन राहायचं होतं. वाड्यात एका चौकाभोवती आठ बिऱ्हाडं राहायची, पाण्याच्या नळावरून भांडायची आणि एकमेकांच्या बाळंतपणाला धावायची. माळावर प्रत्येकाला आपली भिंत आणि आपलं कुंपण मिळालं. वाड्याचं पुणं आणि सोसायटीचं पुणं यांच्यामधली सीमारेषा इतिहासकार निरनिराळ्या ठिकाणी आखतील. मी ती त्या बुधवारच्या सकाळी आखेन. एरवी तीसेक वर्षं लागली असती असं स्थलांतर तीन-चार वर्षांत उरकलं. कागद मात्र मागे राहिले. शंभराहून अधिक पूरग्रस्त संस्थांच्या जागा भाडेपट्ट्याच्या होत्या, आणि त्या स्वतःच्या नावावर व्हाव्यात म्हणून आजोबांनी सुरू केलेला अर्ज नातवंडांनी पुढे चालवला. पूर एका दिवसात आला आणि त्याची फाईल जवळजवळ साठ वर्षं चालली.

धरणंही पुन्हा उभी राहिली. खडकवासला दुरुस्त झालं. पानशेत १९७२ च्या सुमाराला पुन्हा भरलं, आता त्याला तानाजीसागर म्हणतात. आणि त्याच काळात पुण्यात टेलिव्हिजन आला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. स्टुडिओ वरळीला, मनोरा सिंहगडावर आणि चित्र पुण्याच्या दिवाणखान्यात. १९७४ मध्ये दिल्लीचं टेलिव्हिजन प्रशिक्षणही फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आलं. गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांना तो मनोरा इतका सवयीचा झालाय की वर बघितलं जात नाही. पण त्याच्या पायथ्याशी उभं राहून खाली पाहिलं तर समोर पसरलेलं असतं ते खडकवासल्याचं पाणी.

इथे पुन्हा ह्यूस्टनला जाणं भाग आहे, कारण ज्या वाहिनीने १९६१ मध्ये वादळ दाखवलं तिची गोष्ट तिथे संपली नव्हती.

केएचओयूचा स्टुडिओ १९६० पासून ह्यूस्टनच्या ॲलन पार्कवेवर होता, बफेलो बायू नावाच्या संथ, झाडीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या अगदी काठावर. जागा सुरेख, शहराच्या मध्याजवळ. २००१ च्या ॲलिसन वादळात आत पाणी आलं होतं. ते उपसून, पुसून वाहिनी तिथेच राहिली. आपणही हेच करतो. पाणी येऊन गेलं की भिंतीला रंग द्यायचा आणि आता पुन्हा कशाला येतंय म्हणायचं.

ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हार्वे’ आलं. हे वादळ किनाऱ्यावर येऊन पुढे सरकलंच नाही, टेक्सासवर ठाण मांडून बसलं आणि काही ठिकाणी चार-पाच दिवसांत १,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडून गेलं. २७ ऑगस्टच्या रविवारी सकाळी बायूचं पाणी काठ सोडून पार्कवेवर आलं आणि स्टुडिओच्या दारातून आत शिरलं. बातम्या चालू होत्या. पाणी वाढलं तशी मंडळी तळमजल्यावरून वर गेली, बैठकीच्या खोलीत टेबलं मांडून तिथून बातम्या देऊ लागली. थोड्याच वेळात यंत्रखोलीपर्यंत पाणी पोहोचलं, वीज तोडावी लागली आणि वाहिनी बंद पडली. शहराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पूर, आणि स्थानिक वाहिनीच्या जागी कोरा पडदा. मनोरा शहराबाहेर कोरडाठाक उभा होता, पण त्याला पाठवायला कुणाकडे काही नव्हतं.

नेमकं त्याच वेळी वाहिनीची एक वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन शहराच्या दुसऱ्या टोकाला पुलावर उभे होते. खालच्या बुडालेल्या रस्त्यात एक मालट्रक अडकला होता, चालकाच्या केबिनपर्यंत पाणी चढलेलं. तेवढ्यात बाजूने शेरीफच्या खात्याची गाडी बोट ओढत निघाली होती. वार्ताहर बोलणं सोडून हात हलवत तिच्यामागे धावली, तिला थांबवलं, आणि त्या चालकाला बोटीतून काढलं गेलं. तिचा स्टुडिओ रिकामा झाला होता. ती मात्र रस्त्यावर उभी राहून तेच करत होती जे पुण्यात १९६१ च्या सकाळी सायकलवाल्याने केलं. समोर दिसलं ते ओरडून सांगितलं.

वाहिनीची माणसं आधी शेजारच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत गेली. प्रक्षेपणाचा भार सुमारे चारशे किलोमीटरवरच्या डॅलसमधल्या डब्ल्यूएफएए या भगिनी वाहिनीने उचलला. ह्यूस्टनची बातमी ह्यूस्टनकरांना डॅलसहून मिळू लागली. मग ह्यूस्टन विद्यापीठाच्या आवारातल्या सार्वजनिक वाहिनीने आपला स्टुडिओ देऊ केला आणि केएचओयूने तिथे बिऱ्हाड थाटलं. एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडाने शेजारच्या वाड्यात दोन खोल्यांत दिवस काढावेत तसे त्यांनी सुमारे दीड वर्ष काढले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ॲलन पार्कवेला परत जायचं नाही. ज्या इमारतीतून रादरचं वादळ टेक्सासभर दिसलं होतं ती विकली गेली आणि पुढच्या वर्षी पाडली गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वेस्टहायमर रस्त्यावरच्या, बायूपासून दूरच्या, नव्या जागेतून बातम्या सुरू झाल्या. सत्तावन्न वर्षांची जागा सोडणं सोपं नसतं. पण पूर आला की सगळ्यात आधी आपणच गप्प होतो, हे कळल्यावर त्यांनी ती सोडली.

पुण्यातही माणसं वर नेली होती. पण पाण्याचं येणं एकाच वाटेने होत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा वस्त्यांमधून धावला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरचा परिसर. ज्या बाजूला पानशेतच्या पूरग्रस्तांना कोरडी जमीन म्हणून नेलं होतं, त्याच बाजूला. वीसहून अधिक माणसं गेली. भिंत पडून, वाहून जाऊन, गाडीत अडकून. ओढ्याची पाणलोट भूमी बांधकामांनी गिळली होती आणि ओढ्याला आपलं पात्र आठवत होतं. रात्रीची वेळ, आणि पुन्हा तेच. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं दार वाजवून सांगितलं.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते तळमजल्यावरच्या पाण्यात. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडलेलं होतं. लष्कर बोलवावं लागलं, बोटी आल्या. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघे दगावले. रहिवाशांची तक्रार पाण्याबद्दल जितकी होती तितकीच सूचनेबद्दल होती. पाणी वाढवताना आम्हाला वेळेवर सांगितलं नाही, सांगितलं असतं तर गाड्या काढल्या असत्या, म्हातारी माणसं वर नेली असती. हे ऐकताना मला पानशेतबद्दलचं नारायण पेठेतलं बोलणं आठवत होतं. वाक्यं बदलली नव्हती.

आता खडकवासल्याच्या विसर्गाचे संदेश फोनवर येतात, किती वाजता किती क्युसेक. नदीला निळी रेषा आहे, लाल रेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वाहिन्यांच्या गाड्या भिडे पुलापाशी येऊन उभ्या राहतात आणि पूल बुडाला की ते दृश्य दिवसभर फिरतं. दृश्यांची कमतरता आता नाही. पण एकतानगरीतल्या माणसाला हव्या असतात दोन गोष्टी. पाणी माझ्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत येणार, आणि ते मला आधी कळणार का? रादरने नकाशाचा कागद पडद्यावर धरला तो याच प्रश्नासाठी. ३५ हजार क्युसेक म्हणजे आमच्या गल्लीत किती, हे सांगणारा तसा कागद एकतानगरीला त्या रात्री हवा होता. तो तयार करण्याइतकं पाण्याचं ज्ञान खडकवासल्याच्या पायथ्याशी कित्येक दशकं आहे.

पाऊस उघडला की मी कधीकधी सिंहगडावर जातो. मनोऱ्याजवळून धुकं हटलं की खाली तलाव दिसतो, भिंत दिसते. दरवाजे उघडलेले असले तर भिंतीच्या पायथ्याशी पांढरा फेस दिसतो आणि तिथून पुढे पुण्याकडे वळत गेलेली मुठेची तपकिरी रेघ. इथून लकडी पुलापर्यंत जायला त्या पाण्याला काही तास लागतात.